स्मार्ट बोर्डानं मुलांना जास्त येतं का? प्रश्नामागची पन्नास वर्षं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत कुठे देणगीतून, कुठे माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून स्मार्ट बोर्ड लागतायत. पट टिकवायला झगडणाऱ्या शाळेला ते हवेच असतात. पण बोर्ड आला म्हणून मुलाला वजाबाकी जास्त येऊ लागली, हे ठरवायचं कसं?

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' हा टीव्हीवरून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर टीव्ही दिसला. त्यात आपल्या शेजारचा विजापूर जिल्हाही होता. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. परिणामांची पाहणी त्या प्रयोगातच धरलेली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे २००४ मध्ये एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा भारतीय उपग्रह सुटला. त्याच्या प्राथमिक चाचणीत बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ होतं.

खरी कसोटी लागली ती वडोदऱ्यात. तिथल्या पालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. कोणत्या शाळांना द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे मुळात हुशार मुलांच्या शाळेचं श्रेय यंत्राला जाऊ नये. गणितातले गुण चांगलेच वाढले. वर्षभरानं मात्र त्यातला बराचसा फायदा ओसरला. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातेतल्याच दुसऱ्या अभ्यासात संगणक शिक्षकाच्या तासाऐवजी वापरला तेव्हा मुलं मागे पडली, आणि शाळेच्या वेळेबाहेर जादा दिला तेव्हा पुढे गेली. म्हणजे प्रश्न यंत्र कोणतं याहून ते कशाच्या जागी आलं, हा आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला दिल्लीचा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. शाळेनंतरच्या केंद्रातला संगणक त्याला सहावीचा धडा दाखवत बसला नाही. जिथे अडलं तिथूनच गणितं देत गेला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं.

आता सीमाभागात या. इथली मराठी पाठ्यपुस्तकं कर्नाटकची, त्यामुळे बालभारतीवर बेतलेले व्हिडिओ धड्याला धडा जुळत नाहीत. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा दूरदर्शनच्या चंदना या कन्नड वाहिनीवरचे पाठ प्रामुख्यानं कन्नडमध्ये होते. अपूर्णांक समजावून घ्यायला बसलेल्या खानापूरच्या मुलीची आधी भाषेशीच झटापट. तिची गणिताची चाचणीही कन्नडमध्ये घेतली, तर त्या गुणांतून तिचं गणित कळणार नाही.

म्हणून एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत बोर्डाची किंमत विचारताना आणखी एक ठराव मांडायला हवा. जूनमध्ये प्रत्येक मुलाला मराठीतला एक उतारा वाचायला द्यायचा आणि हातच्याच्या चार वजाबाक्या घालायच्या. मार्चमध्ये तितकीच अवघड चाचणी पुन्हा घ्यायची, आणि बोर्ड नसलेल्या जवळच्या मराठी शाळेतही तीच घ्यायची.