सतरा वर्षांच्या मुलासाठी दीडशे वर्षांची ओढाओढ

फेब्रुवारीचा पहिला बुधवार. टेक्सास, जॉर्जिया, ओहायोतल्या हायस्कूलच्या जिममध्ये एक टेबल मांडलेलं असायचं आणि त्यावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या. टेबलामागे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, शेजारी आई, मागे कोच, समोर अख्खी शाळा. मुलगा एक टोपी उचलून डोक्यावर चढवायचा, कागदावर सही करायचा. त्या क्षणी शेकडो मैलांवरच्या एखाद्या विद्यापीठाच्या गावात जल्लोष व्हायचा आणि दुसऱ्या एखाद्या गावात सुतक पडायचं. आपल्याकडून एमएस करायला परड्यूला किंवा मिशिगनला गेलेल्या मुलांनी सामन्याच्या शनिवारी गाव कसं वेडं होतं ते पाहिलेलं असतं. त्या वेडाला लागणारा खेळाडू कुठून आणि कसा आणला जातो, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

(फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकी फुटबॉल, लंबगोल चेंडूचा.)

1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. तेव्हापासून एक वाक्य सतत कानावर येतं: पैसा आला आणि खेळ बाटला. मला हे पटत नाही. पैसा पहिल्यापासून होता. तो कोण देतं, कोणत्या दाराने देतं आणि कुणाच्या नावावर लिहिला जातो, एवढंच दर पिढीला बदलत गेलं.

दोन विद्यापीठांमधला पहिला फुटबॉल सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात 6 नोव्हेंबर 1869 रोजी झाला. तो विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी भरवला होता. पुढच्या पंचवीस वर्षांत मात्र जिंकण्याला इतकं महत्त्व आलं की संघ चक्क भटके खेळाडू आणू लागले, आज या कॉलेजात तर उद्या त्या. फील्डिंग योस्ट वेस्ट व्हर्जिनियात कायदा शिकत होता. 1896 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी मोठा सामना तोंडावर असताना तो अचानक लाफायेत कॉलेजचा ‘विद्यार्थी’ झाला. लाफायेतने सामना 6-4 असा जिंकला, सलग 36 सामने जिंकणारा पेनचा संघ हरला, आणि योस्टसाहेब परत वेस्ट व्हर्जिनियात येऊन पदवी घेते झाले. हाच योस्ट पुढे मिशिगनचा थोर प्रशिक्षक म्हणून अजरामर झाला.

येलमध्ये तर याहून पुढची मजल. पंचविशी ओलांडलेला जेम्स होगन हा तिथला कर्णधार. त्याला उत्तम खोल्या मिळाल्या, क्युबाची सहल घडली आणि न्यू हेवनमध्ये विकल्या जाणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलाली मिळाली. 1905 मध्ये एका मासिकाने हे सगळं छापलं. त्याच हंगामात मैदानावर 18 जणांचा जीव गेला होता. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, आणि त्या गदारोळातून 1906 मध्ये कॉलेजांच्या खेळांचे नियम करणारी जी संघटना जन्मली तिलाच 1910 पासून एनसीएए म्हणतात. तिने हौशीपणाची व्याख्या केली. पण ती व्याख्या पाळायला लावण्याचं बळ तिच्याकडे पुढची चाळीस वर्षं नव्हतंच.

ऑक्टोबर 1929 मध्ये कार्नेगी फाउंडेशनचा अहवाल आला. शंभरावर शिक्षणसंस्थांची पाहणी केल्यावर असं दिसलं की साधारण तीन चतुर्थांश ठिकाणी खेळाडूंना या ना त्या रूपाने पैसे मिळतात: नावापुरती नोकरी, माजी विद्यार्थ्यांनी जमवलेला निधी, फुकट जेवणखाण. चार दिवस वर्तमानपत्रं गाजली. मग शेअर बाजार कोसळला आणि अहवाल मागे पडला.

1948 चा ‘सॅनिटी कोड’ हा खरा पहिला प्रयत्न. गरजू विद्यार्थ्याला फी माफ करा, बाकी तो स्वतः काम करून कमावेल, असा त्याचा मथितार्थ. सात कॉलेजांनी हे पाळायला नकार दिला. त्यांत व्हर्जिनिया, मेरीलँड, बॉस्टन कॉलेज होती, आणि सातांचं नाव पडलं ‘सात पापी’. 1950 मध्ये त्यांना काढून टाकण्याचा ठराव आला. बहुमत ठरावाच्या बाजूने होतं, पण लागणारे दोन तृतीयांश काही जमले नाहीत. ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांपैकी कितीतरी जण मनातल्या मनात स्वतःलाच वाचवत असणार. वर्षभरात तो नियमच रद्द झाला.

मग उलटा रस्ता धरला गेला. 1956 मध्ये एनसीएएने गरज न पाहता पूर्ण शिष्यवृत्तीला मान्यता दिली: फी, खोली, जेवण, पुस्तकं, आणि महिन्याला 15 डॉलर धुलाईखर्च. म्हणजे खेळण्याबद्दल मोबदला आहे, हे व्यवहारात मान्य झालं. शब्दांत ते मान्य होऊ नये यासाठी मात्र मोठी खटपट झाली, आणि तिच्यामागे एक मृत्यू आहे. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. तो सैन्यातून परतलेला, लग्न झालेला माणूस होता. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. हा दावा टिकला असता तर देशभरातली विद्यापीठं मालक ठरली असती आणि खेळाडू नोकर. 1957 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द याच धास्तीतून घडवला गेला, असं एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या कुटुंबाला काही मिळालं नाही. तो शब्द मात्र पुढची सहा दशकं न्यायालयात ढालीसारखा वापरला गेला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

ओढाओढीचा नकाशा रंगभेदानेही आखला होता. साठच्या दशकापर्यंत दक्षिणेतली बडी विद्यापीठं कृष्णवर्णीय मुलांना घेतच नसत. त्या मुलांपुढे दोन वाटा असत. एक, ग्रॅम्बलिंगसारखी कृष्णवर्णीयांची कॉलेजं, जिथे एडी रॉबिन्सन यांनी पिढ्या घडवल्या. दुसरी, उत्तरेची गाडी पकडणं. मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉर्टी यांनी ही दुसरी वाट रुंद केली. टेक्सासच्या बोमाँटचा बबा स्मिथ, साउथ कॅरोलायनाचा जॉर्ज वेब्स्टर, नॉर्थ कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक जिमी रे, सगळे तिकडे गेले, आणि 1966 मध्ये तो संघ अजिंक्य राहिला. बबाचे वडील बोमाँटमध्येच हायस्कूलचे नामांकित कोच होते. तरी त्यांच्या मुलाला स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठात जागा नव्हती.

12 सप्टेंबर 1970 ची एक कथा नेहमी सांगतात: बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने सॅम कनिंगहॅमच्या जोरावर अलाबामाला 42-21 हरवलं आणि तिथल्या गोऱ्यांचे डोळे उघडले. कथा छान आहे, पण वास्तव तिच्या आधी सुरू झालं होतं. अलाबामाने विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला तोवर घेतलेलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून त्या दिवशी तो मैदानात नव्हता, इतकंच. केंटकीच्या नेट नॉर्थिंग्टन या कृष्णवर्णीय खेळाडूने तर 1967 मध्येच, अलाबामा ज्या परिषदेत (म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) होतं तिच्यातली भिंत ओलांडली होती.

भिंत पडली आणि दहा वर्षांत काय झालं हे पाहायचं तर मिसिसिपीतल्या फिलाडेल्फिया गावात जायला हवं. जून 1964 मध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांची इथे हत्या झाली. त्याच्या महिनाभर आधी इथे मार्कस डुप्री जन्मला. 1981 मध्ये तो देशातला सर्वांत हवाहवासा हायस्कूल खेळाडू होता. ज्या विद्यापीठांनी त्याच्या वडिलांच्या पिढीला दारात उभं केलं नसतं, त्यांचे प्रशिक्षक आता त्याच्या दारात रांग लावून उभे होते. तो ओक्लाहोमाला गेला. पहिल्याच वर्षी फिएस्टा बोलमध्ये (बोल म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना) बराच वेळ बाहेर बसूनही 239 यार्ड धावला. दुसऱ्या वर्षी बिनसलं आणि तो निघून गेला. दुसरीकडे खेळायचं तर आधी घरी बसायचं, हा तेव्हाचा नियम. प्रशिक्षक एका विद्यापीठातून उठून दुसरीकडे गेला तर त्याला एक दिवसही थांबावं लागत नसे.

नियमांचा तोल कुठे झुकलेला होता ते 1973 च्या बदलातही दिसतं. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीची मुदत एक वर्षावर आली. दर वर्षी नूतनीकरण करायचं की नाही हे खेळवणाऱ्यांच्या हाती गेलं. त्याच वेळी एका संघाला 105 शिष्यवृत्त्यांची मर्यादा आली, ती 1978 मध्ये 95 आणि 1994 पर्यंत 85 झाली. या मर्यादेचा मात्र खरा फायदा झाला. त्याआधी श्रीमंत विद्यापीठं प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणूनही मुलं घेऊन ठेवत. आता ती मुलं इतर संघांकडे वळू लागली.

आणि मग डॅलस. सदर्न मेथडिस्ट हे लहानसं खासगी विद्यापीठ, पण त्याचे बूस्टर, म्हणजे संघासाठी खिसा मोकळा सोडणारे धनाढ्य पाठीराखे, टेक्सासच्या तेलावर आणि जमिनींवर गबर झालेले. खेळाडूंना गुपचूप पगार सुरू होते. शिक्षा झाल्या, तरी ते थांबले नाहीत, कारण मुलांना दिलेला शब्द मोडला तर ती बोलतील ही भीती. 25 फेब्रुवारी 1987 रोजी एनसीएएने पूर्ण हंगामच रद्द केला. 13 खेळाडूंना मिळून सुमारे 61,000 डॉलर दिले गेले होते. आठवडाभरात गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी कबूल केलं की आपण विद्यापीठाच्या मंडळावर असताना हे पैसे चालू ठेवायला संमती दिली होती. 1988 चा हंगामही खेळला गेला नाही. पुढचा बोल सामना खेळायला या संघाला 2009 उजाडलं. ‘मृत्युदंड’ म्हणतात तो हाच, आणि बड्या फुटबॉल संघाला तो पुन्हा कधी दिला गेला नाही.

या 61,000 डॉलरांशेजारी दुसरा आकडा ठेवावासा वाटतो. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांकडे पैशाचा पूर आला. तो प्रशिक्षकांकडे वाहिला. नोव्हेंबर 2023 मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना 7.5 कोटी डॉलरहून अधिक देणं निघालं.

बांध फुटला तो न्यायालयांमुळे. जून 2021 मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9-0 असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि दहाच दिवसांत जाहिरातींच्या पैशांना परवानगी मिळाली. त्याच डिसेंबरात देशातला अव्वल मानला जाणारा ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द फिरवून जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजात गेला. डॉर्टींच्या काळची वाट उलटी चालून गेल्यासारखं ते दृश्य होतं. पुढे तो कोलोरॅडोला गेला आणि 2024 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान, जिंकला. विद्यापीठ बदलल्यावर आता कुणाला घरी बसावं लागत नाही.

6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडू आणि एनसीएए यांच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलर भरपाई, आणि त्या वर्षापासून प्रत्येक विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून ठरावीक मर्यादेपर्यंत (पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलर) खेळाडूंना थेट देण्याची मुभा. फुटबॉल संघात जास्तीत जास्त 105 जण, त्यांतल्या हव्या तेवढ्यांना शिष्यवृत्ती. सदर्न मेथडिस्टच्या बूस्टरांनीही पुन्हा खिसे उघडले, या वेळी राजरोस. मोठ्या परिषदेत शिरण्यासाठी विद्यापीठाने नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं, पाठीराख्यांनी आठवडाभरात दहा कोटी डॉलर उभे केले, आणि 2024 मध्ये संघ थेट प्लेऑफमध्ये पोचला.

हायस्कूलच्या मुलाची स्थिती मात्र सोपी झालेली नाही. कोचला बावीस वर्षांचा, कॉलेजात काही हंगाम खेळलेला खेळाडू पोर्टलवरून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीतून, मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन वाढवण्याइतका धीर त्याच्याकडे उरत नाही. 2017 पासून सह्याही बहुतेक डिसेंबरातच होतात. मुलाला एका विद्यापीठाशी बांधून घेणारं, 1964 पासून चालत आलेलं ‘लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं. टेबल आणि टोप्या अजून मांडल्या जातात. सही मात्र शिष्यवृत्तीच्या करारावर होते, आणि चांगल्या खेळाडूची दुसरीही सही होते, पैशांच्या करारावर, ज्यात मधेच सोडून गेलास तर किती परत द्यायचे तेही लिहिलेलं असू शकतं. आई शेजारीच बसते. तिच्या पलीकडे आता बऱ्याचदा एजंट असतो.