विषाची वाट

कारखाना बंद पडतो, यंत्रं भंगारात जातात, शेड उतरवल्या जातात. शहराच्या मधोमध अशी मोकळी जागा मिळाली की तिथे घरं, शाळा, बाग करावी असं कुणालाही वाटेल. पण इतक्या वर्षांत सांडलेलं तेल, डांबर, सॉल्व्हंट (ग्रीस, रंग विरघळवणारी रसायनं) आणि शिशासारखे जड धातू जमिनीखाली तसेच असतात.

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या ‘लव्ह कॅनॉल’मध्ये हेच घडलं. अर्धवट सोडलेल्या त्या कालव्यात एका कंपनीने सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर चिकणमाती पसरली आणि १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. रसायनं पुरल्याचा उल्लेख खरेदीखतात होता. तरीही शाळा उभी राहिली, भोवती वस्ती वाढली आणि बांधकामासाठी खोदताना मातीचं झाकण फुटलं. पुढे रसायनं घरांच्या तळघरांत झिरपली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावं लागलं.

विष आधीपासून तिथेच होतं. खोदकामाने त्याला वाट करून दिली. शुद्धीकरणाचं सगळं शास्त्र या वाटेभोवती फिरतं. प्रदूषणाचा स्रोत, ते ज्यातून सरकतं ती माती, पाणी किंवा हवा, आणि शेवटी माणूस: या साखळीतली एक कडी तोडली तरी धोका टळतो.

दूषित माती ट्रकमध्ये भरून दुसरीकडे नेऊन टाकणं हा सर्वांत सरळ उपाय, पण त्याने बऱ्याचदा प्रश्नाचा फक्त पत्ता बदलतो. माती धुणं त्याहून बरं. प्रदूषकं बहुतेक करून गाळाच्या बारीक कणांना चिकटतात, कारण त्या कणांचं एकूण पृष्ठफळ प्रचंड असतं. वाळू आणि खडी वेगळी काढून धुतली की परत वापरता येते. थोडा विषारी गाळ तेवढा उरतो. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिक उद्यानासाठी जुन्या औद्योगिक जमिनीतली माती मोठ्या प्रमाणावर अशीच धुतली गेली.

खरी परीक्षा भूजलात असते. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे ते निदान सापडतं. धातूंवरचं ग्रीस काढायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जड. ते भूजलाची पातळी ओलांडून खाली उतरत जातं आणि खडकाच्या फटींत, चिकणमातीत दडून बसतं. इथे मदतीला येतात डीहॅलोकॉकॉइड्स नावाचे जिवाणू. आपण श्वसनात जसा ऑक्सिजन वापरतो, तसे ते हे रसायन वापरतात आणि त्यातला एकेक क्लोरीन अणू काढत शेवटी निरुपद्रवी एथिलीन तयार करतात. हे मला या क्षेत्रातलं सर्वांत थक्क करणारं सत्य वाटतं. मात्र वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होतं आणि ते कर्करोगकारक आहे. म्हणजे जिवाणूंचं काम अर्ध्यावर थांबलं, तर आधीपेक्षा घातक काहीतरी हाती येतं. म्हणून त्यांना पोषण पुरवत राहावं लागतं आणि पाण्याचे नमुने सतत तपासावे लागतात. धातूंच्या बाबतीत हाही मार्ग नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते मोडू शकत नाहीत. ते काढून न्यायचं, जागीच बांधून ठेवायचं किंवा झाकायचं, एवढंच हाती असतं.

सिएटलमधल्या जुन्या गॅस कारखान्याच्या जागी १९७५ मध्ये उद्यान खुलं झालं. कारखान्याचे मनोरे तसेच ठेवले आणि मातीतल्या जिवाणूंना बळ देण्याचा प्रयोगही झाला. तरी उद्यान उघडल्यावरही तिथल्या मातीवर आणि भूजलावर अनेक वर्षं उपाय करावे लागले.

बांधकामाची घाई असली की नेमका हाच काळ नकोसा होतो. दूषित पाणी उपसल्यावर नमुने स्वच्छ येतात, पंप बंद होतात. मग चिकणमातीत मुरलेलं रसायन हळूहळू परत पाण्यात उतरू लागतं आणि काही महिन्यांत आकडे पुन्हा चढतात. त्यामुळे इमारती उभ्या राहिल्या तरी भूजलाचे नमुने घेण्यासाठी खणलेल्या निरीक्षण विहिरी बुजवू नयेत, आणि झाकण कुठे, किती जाड आहे याचा नकाशा जागेच्या कागदपत्रांना जोडलेला असावा. पुढे पाइप टाकायला खोदणाऱ्या माणसाच्या हाती तो खोदण्याआधी पडायला हवा.