घराणे-दप्तरे, मराठवाड्यातील

मराठवाड्यातील देशमुख, देशपांडे, पाटील, जहागीरदार व सावकार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले खाजगी कागद. चौकोनी फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यास 'रुमाल' म्हणतात. वतनाचा हक्क कागदावर टिके, म्हणून रुमाल जपले गेले. इतिहासाची आवड हे कारण क्वचितच.

सनदा, महजर (सभेपुढे साक्षीनिशी झालेले निर्णयपत्र), निवाडपत्रे, कौल (सरकारी अभयपत्र), करीने (हक्काची हकीगत), सावकारी खतावण्या आणि निजामी अमलातील इनामाचे मुंतखब (मंजुरीचे दाखले) असे कागद त्यांत आढळतात. महजराखाली लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असतात: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बाईची बांगडी. लेखन मुख्यतः मोडीत व फारसीत, पुढे उर्दूतही. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप (दप्तरप्रमुख) हेमाद्री हा मोडीचा जनक, ही परंपरा सर्वश्रुत असली तरी तिचा समकालीन आधार क्षीण आहे.

कालनिर्णय : कागदांवर शक, हिजरी, शुहूर (मृगापासून सुरू होणारा सौर सन) व फसली (पिकाच्या हंगामावरचा महसुली सन) या गणना येतात. शुहूर वर्ष अरबी संख्याशब्दांत आणि एकंपासून चढत्या क्रमाने लिहितात. 'सबा अशरीन मया व अलफ' म्हणजे ७ + २० + १०० + १०००, अर्थात ११२७. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढे मृगापर्यंत ६०० मिळवल्यास इसवी सन येतो, म्हणजे १७२६-२७. दख्खनी फसलीत हेच अंक ५९० व ५९१ असल्याने तेच वर्ष ११३६ ठरते. निजामी काळातील नकलेत मूळ शुहूर आकडा फसली समजून वाचला, तर कागद नऊ वर्षे मागे जातो. वतनाच्या तंट्यात हा फरक किरकोळ नाही. शुहूर व हिजरी गणना हिजरी ७४५ मध्ये, म्हणजे इ. स. १३४४ च्या सुमारास जुळतात. त्यावरून शुहूरचे श्रेय महंमद तुघलकास देतात. काहींचा कल बहमनींकडे आहे. परंतु बहमनी सत्ता १३४७ ची, त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. फसलीची दख्खनी गणना शाहजहानच्या काळात, बहुधा १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ धरून सुरू झाली. पुढे निजामी राज्यात वर्षारंभ आझूर महिन्याकडे, म्हणजे ऑक्टोबरात गेला. तेव्हा मृगाचा हिशेब तेथे चालत नाही.

जहागिरी १९४९ मध्ये संपल्या. तो कायदाही १३५८ फसलीचाच. इनामेही त्यानंतर काही वर्षांत गेली आणि रुमालांचा व्यवहारी उपयोग उरला नाही. काही रुमाल संशोधकांकडे गेले, पुष्कळ वाळवीने खाल्ले. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना पुन्हा मागणी आली. या शोधात खासरा (जमिनीचे नोंदपत्रक), जन्म-मृत्यूची नोंद असे सरकारी कागद पुढे येतात; घरचे रुमाल बहुतेक वाड्यांच्या फडताळांतच आहेत.