कोणते बुश? थोरले की धाकटे?

‘बुशने इराकवर हल्ला केला’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणत्या बुशने? बापलेक दोघंही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, दोघांसमोर इराकचा हुकूमशहा सद्दामच. त्यामुळे १९९१ आणि २००३ बोलता बोलता एकमेकांत मिसळतात.

थोरले बुश युद्धात उतरले, कारण २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दामने कुवेत गिळलं. कुवेत सोडवायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा, बळ वापरायला मुभा देणारा ठराव ६७८ मिळवला, इजिप्त आणि सीरियाचं सैन्य सोबत घेतलं, खर्चाचा मोठा भार सौदी, कुवेत, जपान, जर्मनीवर टाकला. जमिनीवरची लढाई १०० तासांत थांबवली. बगदादला गेलो तर अरब देश साथ सोडतील आणि परका देश चालवणं गळ्यात पडेल, असा हिशेब होता. तेव्हाचे संरक्षणमंत्री डिक चेनी हेच कारण सांगत. पुढे धाकट्या बुशचे उपाध्यक्ष झाल्यावर तेच चेनी बगदादच्या मोहिमेचे खंदे पुरस्कर्ते ठरले.

थोरल्यांच्या संयमाचं कौतुक मलाही आहे, पण एक सल राहतोच. सद्दामला हटवा, असं आवाहन इराकी जनतेला त्यांनीच फेब्रुवारी १९९१ मध्ये केलं होतं. दक्षिणेत शिया उठले, उत्तरेत कुर्द. सद्दामच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना चिरडलं, आणि अमेरिकी फौजा हाकेच्या अंतरावर असूनही मध्ये पडल्या नाहीत.

धाकट्या बुशचा विचार ११ सप्टेंबर २००१ नंतर घडला. धोका दारात येण्याआधीच मोडून काढायचा, हे त्यांनी २००२ च्या सुरक्षा धोरणात लिहूनच ठेवलं. त्यांना सद्दामची राजवटच नको होती. फ्रान्स, जर्मनी, रशिया विरोधात गेले, हल्ल्याला मंजुरी देणारा नवा ठराव झाला नाही, तरी मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. तीन आठवड्यांत बगदाद पडलं. ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने हे केलं, ती सापडलीच नाहीत. त्यात मे महिन्यात इराकी सैन्य बरखास्त केलं. हत्यार चालवता येणारे लाखो लोक एका फटक्यात रस्त्यावर आले. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच.

भारतालाही हा फरक जाणवला. १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं, त्यावरून देशात वादही पेटला. २००३ मध्ये मात्र संसदेने हल्ल्याची निंदा केली. जुलैत वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार करता आला असता, असं कळवलं.