लॅपटॉप तापून मंदावतो, की वॉट कापल्यामुळे?

गेम सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर सगळं झकास. मग फ्रेम (पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रं) गळायला लागतात, पंखे कोकलतात आणि कीबोर्डच्या वरची पट्टी बोटाला चटका देते. यावरून सगळे एकच निदान करतात: प्रोसेसर तापलाय, त्याच्यावरची ताप वाहून नेणारी पेस्ट बदला, नाहीच भागलं तर प्रोसेसर बदला. पण प्रोसेसरला लगाम दोन असतात, एक तापमानाचा आणि एक वॉटचा. गेममध्ये दोघांचा परिणाम सारखाच दिसतो, म्हणून तर घोळ होतो.

तापमानाचा लगाम समजायला सोपा. लॅपटॉपमधल्या बऱ्याच इंटेल चिपांची कमाल मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या अनेक रायझन चिपांची ९५. आकडा तिथे टेकला की चिप स्वतःच वेग उतरवते, जरा निवली की चढवते, पुन्हा टेकते. हे थर्मल थ्रॉटलिंग.

वॉटचा लगाम मात्र चिप ७५ अंशांवर असतानाही लागतो. इंटेलच्या भाषेत पीएल१ म्हणजे प्रोसेसरने सतत खायची वीज आणि पीएल२ म्हणजे थोडाच वेळ मिळणारी जादा मुभा. कोअर आय७-१२७००एच घ्या: कागदावर मूळ ४५ वॉट, टर्बोत, म्हणजे जादा मुभेत, ११५. ते झकास मिनिट बहुधा या जादा मुभेचंच असतं. शिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी हे आकडे आपल्या पंख्यांच्या आणि हीटपाइपच्या (ताप वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) कुवतीप्रमाणे ठरवते, त्यामुळे एकाच नावाचा प्रोसेसर जाड लॅपटॉपात पळतो आणि पातळ लॅपटॉपात रखडतो.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. गेम खेळताना ९६ अंश दिसले म्हणून लॅपटॉप उघडला. पंखा आणि तांब्याच्या पात्यांमध्ये धुळीचा करडा नमदाच बसला होता, चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. नवी पेस्ट लावली, तापमान ८२ वर आलं. फ्रेम? होत्या तेवढ्याच. मग थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधली ‘लिमिट रीझन्स’ ही छोटी खिडकी उघडली. तिथे जो लगाम आत्ता ओढला जातोय त्याचा चौकोन लाल असतो, मघाशी ओढला गेला असेल तर पिवळा. ‘थर्मल’चा चौकोन कोरा, ‘पीएल१’चा लालभडक आणि वॉटचा आकडा ४५ ला चिकटलेला. ९६ म्हणजे १०० नव्हे, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (नमदा काढला हे बरंच केलं, पंख्यांचा आवाज निम्म्यावर आला.)

उलटी चूक जास्त महागात पडते. चिप आधीच १०० ला टेकत असेल आणि तुम्ही पीएल१ वाढवलात, तर वेग वाढत नाही, फक्त ती लवकर टेकते. बऱ्याच लॅपटॉपांत ग्राफिक्स चिपही त्याच हीटपाइपवर असते, म्हणजे प्रोसेसरला दिलेली जादा वीज तिच्या वाट्याची थंडाई खाते.

दोन्ही लगामांवर चालणारं औषध एकच: अंडरव्होल्टिंग. वीजखप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून व्होल्टेज थोडं उतरवलं तरी त्याच वॉटमध्ये जास्त वेग मिळतो, किंवा त्याच वेगाला कमी ताप. अडचण अशी की २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघडकीला आली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसमधून (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) ही सोयच बंद केली. सोय बंद असेल तर गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. दिसायला क्षुल्लक, पण दोन्ही चिपांचा भार उतरतो.

एक पाचर मात्र आहे. काही लॅपटॉप बॉडीचं तापमान मोजून पीएल१ आपोआप खाली आणतात. तेव्हा खिडकीत नाव वॉटचं दिसतं, पण मूळ कारण ताप असतो. अशा वेळी मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवण्यानेही फरक पडतो. आणि प्रोसेसर ५५ अंशांवर असूनही वेग ०.८ गिगाहर्ट्‌झला अडकला असेल, तर चार्जर कमी वॉटचा आहे का ते आधी बघा. तिथे बहुधा ‘बीडी प्रॉकहॉट’ हा इशारा लागलेला असतो, आणि तो प्रोसेसर स्वतः देत नाही, बोर्डवरचा दुसरा भाग देतो.

राहिला प्रोसेसर बदलण्याचा विचार. इंटेलच्या लॅपटॉप चिपांमध्ये सॉकेटवाली, म्हणजे चिप काढून दुसरी बसवता येणारी, शेवटची पिढी चौथी, २०१३ ची हॅसवेल. त्यातही आय७-४७००एमक्यू सॉकेटमधून निघतो आणि ४७००एचक्यू बोर्डावर झाळलेला असतो; दोन्ही ४७ वॉटचे, फरक नावातल्या एका अक्षराचा. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपच्या चिपा झाळूनच येतात. तुमच्याकडे एमक्यू असेल आणि बायोस नवी चिप ओळखत असेल, तर ४९००एमक्यू बसवता येईल. पण त्याचेही वॉट ४७ च, म्हणजे जो लगाम आज आवळतोय तोच उद्याही आवळणार. आणि ४९४०एमएक्स ५७ वॉटचा आहे. ४७ वॉटसाठी बेतलेल्या हीटसिंकवर तो बसवलात, तर आत्तापर्यंत कोरा असलेला ‘थर्मल’चा चौकोनही लाल होईल.