पोर्ट्रेट लेन्स निवडताना आधी अंतर ठरवा

मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा मोठी निगेटिव्ह देणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यासाठी पोर्ट्रेट लेन्स घ्यायची म्हटली की चर्चा थेट मिलिमीटरवर, म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थवर जाते. माझं म्हणणं, आधी अंतर ठरवा. फोटोत चेहऱ्याची ठेवण कशी उतरेल, हे लेन्सवर नाही, तर आपण किती लांब उभे आहोत यावर अवलंबून असतं.

हिशेब सोपा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान १२ सेंटिमीटर मागे आहे असं धरू. कॅमेरा नाकापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर कान ७२ वर. म्हणजे कानाच्या मानाने नाक २० टक्के मोठं उमटणार. दोन मीटरच्या अंतरावर गेलात की हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं, कान आकसतात आणि ओळखीचा माणूसही परका वाटतो, तो यामुळेच. दीड ते दोन मीटर हे समोरासमोर बसून गप्पा मारण्याचं अंतर. चेहऱ्याला तेच मानवतं.

आता त्या अंतरावरून फ्रेम भरायची कशी, एवढंच काम लेन्सचं. हॅसलब्लाडची ५०० मालिका घेऊ. १२० या प्रकारच्या फिल्मच्या एका रोलवर १२ चौरस फ्रेम, प्रत्येक सुमारे ५६ बाय ५६ मिलिमीटरची. तिचा कर्ण ७९ मिलिमीटर, म्हणून ८० मिलिमीटरची लेन्स इथली नॉर्मल लेन्स, म्हणजे ना वाइड ना टेली. डोकं आणि खांदे मिळून साधारण ६० सेंटिमीटरचा भाग टिपायचा, तर ८० लावून एक मीटरच्या आत शिरावं लागतं. १५० ची ‘सोनार’ नावाची लेन्स लावली की तीच चौकट पावणेदोन मीटरवरून मिळते. चेहऱ्यासाठी मी १५० च सुचवेन. तिला एक मर्यादा आहे: ती १.४ मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही. नुसता चेहरा भरायचा तर कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेंशन ट्यूब (एक पोकळ कडं) लावावी लागते आणि मग एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं. मामिया आरबी६७ या दुसऱ्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात फोकसिंगसाठी बेलोजच (लेन्स पुढे-मागे सरकवणारा घडीचा भाता) असल्याने ट्यूबची गरज सहसा पडत नाही, पण तो कॅमेरा चांगलाच जड. तिथे १८० ची लेन्स हेच काम करते.

मीडियम फॉरमॅटमध्ये पार्श्वभूमी आपोआप लोण्यासारखी विरघळते, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. तेवढ्याच अंतरावरून तेवढीच चौकट घेतली, तर मागचं किती धूसर होईल हे लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की तो व्यास मिळतो. ही १५० जास्तीत जास्त एफ/४ पर्यंत उघडते, म्हणून १५० ला ४ ने भागा: ३७.५ मिलिमीटर. ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या ८५ एफ/१.८ चा व्यास ४७. इथे छोटा कॅमेराच पुढे! मोठ्या फॉरमॅटची खरी कमाई निगेटिव्हच्या क्षेत्रफळात आहे. ते साडेतीन पटींहून अधिक असल्याने प्रिंटसाठी कमी मोठं करावं लागतं, दाणा बारीक राहतो आणि गालावरचा उजेड सावलीत सरकताना मधल्या छटा तुटत नाहीत.

१५० ने दोन मीटरवर, एफ/४ ला, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा असतो. मान जरा तिरकी असली तर जवळच्या डोळ्यावर फोकस धरा आणि छिद्र लहान करत एफ/८ पर्यंत खुशाल जा, म्हणजे हा पट्टा रुंदावतो.

आणि माणूस त्याच्या कामाच्या जागेत, हातातल्या अवजारांसकट हवा असेल, तर ८० पुरते. तेव्हा तुम्ही मागे सरकलेलेच असता.