मेंदूच्या गंभीर दुखापतीत शरीर थंड करण्याचा उपचार : पार्श्वभूमी

डोक्याला जबर मार लागला की काही पेशी जागच्या जागी मरतात. त्या परत मिळत नाहीत. पण पुढच्या तासा-दिवसांत मेंदू सुजतो, कवटीत जागा नसल्याने आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा तुटून आणखी पेशी जातात. ही दुसरी इजा टाळण्यासाठी रुग्णाला थंड करण्याची कल्पना पुढे आली. तापमान एक अंश उतरलं की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण ६-७ टक्क्यांनी घटते, हा त्यामागचा हिशेब.

फिलाडेल्फियाचे मेंदूशल्यविशारद टेम्पल फे यांनी १९३८ साली कर्करोगाच्या रुग्णांना थंड करून पाहिलं, नंतर डोक्याच्या दुखापतींनाही हाच उपाय लावला. पुढे डाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना गोठवण्याचे अमानुष प्रयोग केले आणि हा विषयच कलंकित झाला. १९५०च्या दशकात तो परत आला, पण तापमान फार खाली नेलं की हृदयाचे ठोके बिघडत, संसर्ग होई, रक्त नीट गोठत नसे. डॉक्टरांनी तो सोडला.

१९८७ साली मायामीत उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की मेंदूच्या तापमानातल्या थोड्या अंशांनीही पेशींचं नुकसान बरंच कमी-जास्त होतं. म्हणजे ३२-३४ अंश पुरेसे असावेत. १९९७ साली पिट्सबर्गच्या ८२ रुग्णांच्या चाचणीत काहींना फायदा दिसला. २००१ साली ३९२ रुग्णांच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत तो दिसला नाही.

माझ्या मते या इतिहासात सगळ्यात जास्त शिकवतात ते २०१५ सालच्या युरोथर्म चाचणीचे निकाल. कवटीतला दाब वाढलेल्या ३८७ रुग्णांपैकी निम्म्यांना थंड केलं. दाब आटोक्यात आला, पुढचे जहाल उपाय कमी लागले. आयसीयूच्या मॉनिटरवरचा आकडा पाहून कुणालाही वाटलं असतं की उपचार लागू पडतोय. सहा महिन्यांनी मात्र चांगल्या अवस्थेत असलेले रुग्ण थंड केलेल्या गटात २६ टक्के होते, दुसऱ्या गटात ३७. २०१८ सालच्या पोलर चाचणीत अपघातानंतर शक्य तितक्या लवकर थंड करायला सुरुवात केली, तरी दोन्ही गट जवळपास सारखेच राहिले.

जन्मावेळी प्राणवायू कमी पडलेल्या बाळांना ७२ तास थंड ठेवणं श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत उपयोगी ठरलं. डोक्याच्या दुखापतीत आता सरसकट थंड करत नाहीत. ताप चढू न देण्यावर भर असतो. इतर उपायांनी दाब उतरतच नसेल, तरच थंड करण्याचा विचार होतो.